मासोळी खाणारी गाय

माझं माहेर केळझरच्या अंगाला, सासर हिंगणघाटचं. म्हणजे पाणी म्हणून जे काही मी जन्मात पाहिलं ते विहिरीचं, नाहीतर वेणा नदीचं. आणि वेणाही उन्हाळ्यात अशी की माणूस धोतर न भिजवता पलीकडच्या वावरात जाई. अशी मी जाऊन पडले कुठं, तर अरबांच्या मुलखात, मस्कतहूनही गाडीनं अर्धा दिवस पुढं, एका मासेमारांच्या गावात, समुद्राच्या अगदी तोंडाशी. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आता आमच्या गल्लीतल्या पोरी चार दिवस फिरायला म्हणून विमानात बसतात. तेव्हा आम्ही नागपूरला जायचं तरी आदल्या दिवशी दशम्या करून ठेवत होतो.

तिथं जायचं कारण म्हणजे बर्फ. हे हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनाचे मिस्त्री होते. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि जिन बंद की यांचं तोंड बंद. कोणी ओळखीच्यानं यांना मुंबईला नेलं, तिथं एका कंपनीच्या साहेबानं इंजिन उघडून दाखव म्हटलं, यांनी उघडून परत लावून दाखवलं, झालं. त्या गावात मासोळी ठेवायला बर्फाचा कारखाना नवीन बसवला होता, तो चालवायचं काम यांच्याकडे आलं.

पहिलं वर्ष हे एकटेच राहिले. सुट्टीवर आले तेव्हा मी ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आलेली, जेवायला बसले की ताटाकडे पाहत राहायचे. सासूबाईंनी विचारलं, "काऊन रे, तिकडं खायाले भेटत नाई का?" तर म्हणतात कसे, "भेटते. बोलाले कोणी भेटत नाई. बर्फ करतो अन् बर्फासारखाच पडून राह्यतो." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता एकटा जात नाई मी. यायचं असंन तं सारे चला, नाईतं मी जिनातच जातो परत."

सारे म्हणजे मी आणि पोरगी. पोरगी चार वर्षांची, नवसासायासानं झालेली, आजीच्या जिवाचा तुकडा. घरच्या गाईचं दूध ती लोटाभर पीत असे, पिऊन झालं की लोटा उलटा करून दाखवत असे. सासूबाई जाऊ द्यायला तयार झाल्या, पण अट घालून. स्टेशनावर गाडी हलता हलता खिडकीत हात घालून म्हणाल्या, "पोट्टीच्या जिवाले जरा कमीजास्त झालं तं त्याचं तोंड पाहू नको, पोट्टीले घेऊन परत येजो. तो मोठा हाय, राहीन एकटा." मी हो म्हटलं. त्या हो मध्येच पुढची सगळी काळजी होती. पोरीला मानवलं तर आम्ही तिघं एका ताटाशी, नाही मानवलं तर हे पुन्हा एकटे, गालाची हाडं वर काढून बसलेले.

दिवाळीनंतर पोचलो. कारखान्याला लागून विटांची एक खोली आम्हाला दिली होती, आणि पुढं खजुरीच्या झावळ्यांचा आडोसा करून अंगण. त्या गावात जे काही दिसेल ते खजुरीचं. भिंती खजुरीच्या, चटया खजुरीच्या, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, होड्यासुद्धा खजुरीच्या फांद्या एकमेकींना बांधून केलेल्या. त्यात समुद्राचं पाणी आत यायचं आणि बाहेर जायचं, तरी होडी बुडत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच, "अवो, थो माणूस बुडून राह्यला!" हे म्हणाले, "बुडत नाई. थो मासोळ्या घेऊन येते अन् माझा बर्फ घेऊन जाते."

बर्फाचा मान काय सांगू. गावातली पोरं सकाळपासून कारखान्याच्या दाराशी बसलेली, फुटका तुकडा मिळाला की चोखत पळायची. म्हाताऱ्या बायका बर्फाला आधी कपाळाला लावायच्या, मग पाण्यात टाकायच्या. त्यामुळे बर्फवाल्याची बायको म्हणून मला पहिल्याच दिवशी सगळं गाव पाहून गेलं. माझं नऊवारी लुगडं, कपाळाचं कुंकू, पायातली जोडवी, सगळ्याला हात लावून पाहिलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण लुगड्याचा पोत पाहायला भाषा कशाला लागते?

शेजारची म्हातारी तेवढी हिंदी बोलायची. ती बलुची. तिचा नवरा तरुणपणी गलबतातून मुंबईला खजूर नेत असे, आणि त्याच्यासोबत तीही मुंबईत राहून आलेली. तिला सगळं गाव खाला म्हणायचं, मीही म्हणू लागले. आमचं वऱ्हाड्यांचं हिंदी आणि तिचं बलुची हिंदी, दोन्ही लंगडी, पण एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून छान चालायची.

तर ही खाला दुसऱ्या दिवशी सकाळी गंजभर, म्हणजे पातेलंभर, दूध घेऊन आली. ताजं, धारोष्ण, फेसाळ. मला वाटलं, झालं, आता कशाची चिंता! चहा मांडला. उकळी आली आणि खोलीभर मासोळी शिजल्याचा वास. मी गंज पाहिला, चुलीजवळ पाहिलं, काही नाही. खालाचं भांडं खराब असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तिला माझा गंज दिला, राखेनं घासून, वाळूनं घासून, उन्हात पालथा घालून. त्यातही तोच वास. मग मी उठले आणि दूध काढताना पाहायलाच गेले.

आमच्याकडे मासोळी वर्ज्य नव्हती बरं का. पुराच्या पाण्यात वेणेची मासोळी यायची, पण ती घरातल्या चुलीवर कधी चढली नाही. अंगणात तीन दगड मांडून पुरुषांनीच शिजवायची, भांडंही त्यांनीच घासायचं. म्हणजे मासोळीचा वास मला ओळखीचा, पण तो अंगणातला. आणि खालाच्या गोठ्यात काय पाहते, तर दोन लहानखुऱ्या तांबड्या गाई, आमच्या गावरानीसारख्याच, वशिंडवाल्या, गरीब तोंडाच्या. आणि त्यांच्यापुढं एका मोठ्या डेगीत बोटभर लांबीच्या सुक्या मासोळ्या, खजुराच्या बियांसोबत उकडलेल्या. गाई त्यात तोंड घालून अशा खात होत्या, जशा आमच्याकडच्या सरकीवर तुटून पडतात.

मी पदर तोंडाला लावला. "खाला, ये क्या खिलाते तुम गाय को?"

"मच्छी."

"गाय को? मच्छी?"

"मच्छी खाएगा तभी तो दूध आएगा. तुम्हारा गाय क्या खाता है?"

"घास खाती, कडबा खाती, सरकी खाती. सरकी मतलब कपास का बीज."

"कपास? जिससे कपड़ा बनता?" खालानं माझ्या लुगड्याचा पदर चिमटीत धरला. "तुम्हारा गाय कपड़ा खाता है, और हमारा गाय को बोलता है गंदा!" ती इतकी हसली की गाईंनीही मान वर केली.

मला काही हसू आलं नाही. पोरीनं ते दूध तोंडाला लावलंच नव्हतं. पेला पुढं केला की मान फिरवायची. "मले नाई पाह्यजे. वास येते." साखर घातली, वेलदोडा घातला, हिंगणघाटहून बांधून आणलेली हळद घातली. नाहीच. दुकानात डब्यातल्या भुकटीचं दूध मिळायचं, ते दिलं तर तिचं पोट बिघडलं. मी रोज तिचं मनगट धरून पाहायची. मला ते रोज बारीक वाटायचं. रात्रंदिवस डोळ्यापुढं सासूबाईंचा खिडकीत घातलेला हात.

हे म्हणायचे, "पोट्टी तं मले बरी दिसून राह्यली. दिवसभर हुंदडते."

"तुमाले काय दिसते? दिवसभर तुमचं डोकं इंजिनात."

"बरं बाप्पा," म्हणायचे आणि गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला ओळखता येत होतं. जिन बंद झाल्यासारखं.

शेवटी मीच सांगितलं, की मस्कतहून मासोळी न्यायला येणारी गाडी या खेपेला आली की मी पोरीला घेऊन त्यात बसते. हे "हाव" म्हणाले, नुसतं हो. त्या एका हाव नं मला असं काही झालं की मी मनात म्हटलं, जायच्या आधी एकदा करून पाहते. मी शेतकऱ्याची पोरगी. गाईला गाय कसं करायचं ते मला माहीत आहे!

खालाला म्हटलं, तुझी एक गाय मला दे, थोडे दिवस. मी सांभाळते, मी खिलवते. गवत, लसूणघास, कणकेचा कोंडा, खजूर. मासोळी अजिबात नाही.

खाला म्हणाली, "मच्छी बिना दूध नहीं देगा बेटी. रोएगा."

"गाय कहीं रोती है?"

"देखो तुम," म्हणाली आणि दावं माझ्या हातात दिलं. तिच्या डोळ्यात हसू होतं, पण मी दुर्लक्ष केलं.

मग मी काय काय केलं म्हणून सांगू! गाईला गोड पाण्यानं धुतलं. तिथं गोडं पाणी म्हणजे बागेतल्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. शिंगांना तेल लावलं. कपाळावर हळद लावली, वर कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं. गावातल्या बायका झावळ्यांच्या फटीतून पाहत होत्या. एक पोरगं आत डोकं घालून काहीतरी ओरडलं, आणि सगळ्या खिदळल्या. खालानं मला सांगितलं, "वो पूछता है, शादी किस से है?"

गाईनं मात्र माझ्या सगळ्या लाडाकडे पाठ फिरवली. लसूणघास हुंगली आणि सोडली. कोंड्यात शिंग घालून टोपलं उलटं केलं. नुसता खजूर तेवढा खाल्ला आणि बिया माझ्या पायाशी थुंकल्या. मग समुद्राकडे तोंड करून जे हंबरायला लागली ते दुपारभर. मासोळीचा वारा तिकडून येत होता ना! मला माझ्या माहेरची गाय आठवली, वासरू विकलं होतं तेव्हाची. तीही असंच करत होती. आता खरं सांगते, एकदा दावं सोडायला हात गेलाही, पण मी हट्टाला पेटले होते.

दूध आटलं. गंजभराचं तांब्याभर झालं, तांब्याभराचं पेलाभर. वास गेला म्हणावा तर गेलेला, नाही म्हणावा तर आहे. मी हुंगून पाहायची, पुन्हा हुंगायची, मग पोरीपुढं धरायची. ती मान फिरवायची. पेटी बांधून झाली होती. गाडी दुपारी येणार असा निरोप आला त्या दिवशी सकाळी मी ते पेलाभर दूध घेऊन शेवटचं म्हणून पोरीला शोधत होते, पोरगी अंगणात नव्हती. आणि तेवढ्यात गाईनं मानेला हिसका दिला आणि दावं तोडलं.

ती जी उधळली! पेला तिथंच सांडला, मी पदर खोचला आणि मागं धावले. समुद्रकाठी वाळूवर अख्खं वावर भरेल एवढ्या मासोळ्या वाळत घातलेल्या होत्या, चांदीच्या पत्र्यासारख्या चकचकत. कपाळावर हळदकुंकू, शिंगांना तेल, अशी ती आमची सवाष्ण गाय त्या मासोळ्यांत घुसली आणि पंगतीत पान वाढल्यासारखी खाऊ लागली. जाळी शिवत बसलेले बाप्ये उठून उभे राहिले. ज्याच्या मासोळ्या होत्या तो हात वर करून आला, गाईचं कपाळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाळूत बसून हसायलाच लागला. मी दाव्याचं तुटलेलं टोक धरून ओढतेय, गाय इंचभर हलत नाही.

आणि मग मला माझी पोरगी दिसली.

एका होडीच्या सावलीत खालाची नातवंडं ओळीनं बसली होती. प्रत्येकापुढं वाटी, वाटीत दूध, दुधात रोटी कुस्करलेली, वर खजूर. त्या ओळीत माझी पोरगी, तोंडाभोवती दुधाची मिशी. मला पाहिल्याबरोबर तिनं वाटी पाठीमागं लपवली.

"आई, मी नाई पेली."

"दाखव वाटी." मी वाटी घेतली. नाकाशी नेली. खालाच्या दुसऱ्या गाईचं दूध, भर मासोळीच्या वासाचं. "कवापासून पेऊन राह्यली वं तू हे?"

"रोजच."

"वास नाई येत?"

"येते ना."

"मंग?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली जसं मीच काहीतरी येड्यासारखं विचारलं. "सारेच पेतात," म्हणाली.

"मंग घरी काऊन नाई पेत?"

तेवढ्यात खाला काठी टेकत आली. तिनं माझ्या हातातून वाटी घेतली. सगळ्या बायका जमल्याच होत्या. खालानं वाटी नाकाशी नेली, नाक चढवलं, डोळे मिटले, मान अशी एकीकडे फिरवली जसा वाटीत मेलेला उंदीर आहे. पुन्हा हुंगलं, पुन्हा तोंड वाकडं केलं. आणि मग ती वाटी समोरच्या नातवापुढं धरून गोड आवाजात म्हणाली, "पी बेटा, पी. अच्छा दूध है."

हुबेहूब मी! लुगड्याचा पदर तोंडाला लावायची ढबसुद्धा उचललेली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. माझी पोरगी सगळ्यांत मोठ्यानं हसली, आणि मग मला वाटलं, अरे देवा, म्हणजे हिला दुधाच्या वासानं नाही, माझं तोंड पाहून दूध नको होत होतं.

मी वाळूतच बसले. पोरगी मांडीवर येऊन बसली, तर जड! मग मला आठवलं की आल्यापासून मी तिच्या फ्रॉकांच्या बाजूच्या शिवणी उसवत होते. बगलेत तंग होतात म्हणून. मला वाटे, खाऱ्या हवेनं कापड आटतं. कापड कशाला आटेल! पोरगी भरली होती. मनगट धरून पाहणारी मी, आणि डोळ्यापुढं वाढणारी पोर मला दिसली नाही.

"खाला," मी म्हटलं, "तुमने पहले क्यों नहीं बताया?"

"तुम पूछा कहाँ? तुम तो गाय को नहला रहा था."

गाय खालानं नेली. तीसुद्धा माझ्याकडे न पाहता गेली, पोट तट्ट भरलेलं, कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलेलं.

मी पोरीला कडेवर घेऊन घरी आले तेव्हा गाडी येऊन उभी होती. कारखान्यातली मासोळीची खोकी भरून झाली होती. ड्रायव्हर केरळचा, भला माणूस, त्यानं आमच्यासाठी पुढची जागा पुसून ठेवली होती. "चलें भाभी? मिस्त्री को बुलाया, आता नहीं है."

हे आत इंजिनाजवळ होते. पाठमोरे. तेलाचा डबा घेऊन तेल घालत होते, आणि इंजिन असं की त्याच्या अंगावरून तेल आधीच वाहत होतं. गाडी निघताना पाहायला लागू नये म्हणून माणूस आणखी काय करणार!

मी म्हटलं, "अवो, पेटी उतरवून घ्या गाडीतून."

यांनी मागं पाहिलं नाही. "कोणती पेटी?"

"आमची. काल बांधली ते."

"ते चढवली कोणं?"

"म्हणजे?"

"पलंगाखाली हाय." अजूनही पाठ माझ्याकडेच. "मी हात नाई लावला."

"अन् मी बसली असती गाडीत तं?"

"तं अर्ध्या रस्त्यात पेटी आठवली असती तुले. फिरवली असती गाडी."

पोरगी कडेवरून खाली उतरली आणि यांच्या पायाला मिठी मारून म्हणाली, "बाबा, आपली गाय पळाली. साऱ्या मासोळ्या खाल्ल्या तिनं." यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. मग एकदाचे वळले. तोंडावर तेलाचा पट्टा होता, आणि डोळ्यांचं मी काही सांगत नाही, तो कारखाना थंड होता आणि थंडीनं डोळ्यांत पाणी येतंच.

"दूध पेते का पोट्टी?" एवढंच विचारलं यांनी.

"पेते. तुमच्या माघारी, माझ्याही माघारी. वाटीभर, रोटी कुस्करून."

बाहेर हॉर्न वाजला. मीच गेले. ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, तुम जाओ. हम नहीं आते. और अगली बार आओगे तो मस्कत से एक बड़ा पतेला लाना, दूध का. हमारा छोटा पड़ता है."

तो म्हणाला, "कितना बड़ा?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. यांनी मागून येऊन माझे हात आणखी थोडे लांब केले.